इशारा जिल्ह्याला, पंचनामा मंडळाला

हवामानाचा अंदाज लिहिणाऱ्या, त्याला रंग देणाऱ्या आणि तो खाली वाड्यांपर्यंत पाठवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावची आशा. गाव वलाटीचं, सह्याद्री डोक्यावर. सहा वाड्या, त्यांच्यामधून जाणारे दोन व्हाळ म्हणजे ओढे, त्यावर एक साकव म्हणजे छोटा पूल, आणि वर सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या कातळावर, धनगरवाडा. तालुक्याच्या ग्रुपवर तुमचा इशारा पडला की तो वाड्यांच्या ग्रुपवर टाकायचा, साधा फोन असलेल्यांना फोन लावायचा आणि धनगरवाड्यात रेंज नसते म्हणून दूध घालायला खाली आलेल्या पोराजवळ निरोप द्यायचा. हे काम कुठल्याही जीआरमध्ये माझ्या नावावर नाही. गावातल्या सगळ्यांचे नंबर माझ्याकडे, म्हणून ते आपोआप माझ्याकडे आलं.

गेल्या पावसाळ्यात असाच एक इशारा टाकला. "रत्नागिरी जिल्ह्यात आज तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पावसाची शक्यता, ताशी ४० ते ५० किमी वेगाने सोसाट्याचा वारा, नागरिकांनी सतर्क राहावे." आमच्या खालच्या वाडीतल्या एक काकी ऐंशीच्या पुढच्या. वाचता येत नाही, नातू वाचून दाखवतो. त्यांनी त्याच्याच फोनवरून मला विचारलं, "म्हंजे आपल्या व्हाळाला पानी येल काय गो?"

मला सांगता आलं नाही. हे पत्र त्या एका प्रश्नापायी लिहिते आहे.

अंदाज चुकतात म्हणून भांडायला मी आलेले नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं, तेव्हा ते कधी आणि कुठे येणार हे आधी कळलं होतं, माणसं हलवली गेली, जीव वाचले. मोठं वादळ तुम्हांला लांबून दिसतं. आमची माणसं जातात ती त्याहून बारक्या गोष्टींत. संध्याकाळी घाटाकडून भरून येणारा एकच ढग, रात्रीत फुगलेला व्हाळ, चिरेखाणीवर दुपारी एक वाजता चक्कर येऊन पडलेला माणूस. या गोष्टी जिल्ह्याएवढ्या नसतात. इशारा मात्र जिल्ह्याएवढा असतो.

आमचा जिल्हा मंडणगडापासून राजापुरापर्यंत लांबच लांब. त्यातही समुद्राकडची ती खलाटी आणि डोंगराकडची ती वलाटी, हे कोकणात शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक. आषाढात गुहागरच्या किनाऱ्यावर ऊन-पावसाचा खेळ चाललेला असतो आणि त्याच तासाला इकडे डोंगराखाली डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. दोघांना एकच ऑरेंज. गंमत अशी की घाटाच्या पलीकडे तुम्ही हा भेद करता. पुणे वेगळं आणि पुण्याचा घाटमाथा वेगळा, सातारा वेगळा आणि साताऱ्याचा घाट वेगळा, कोल्हापूरचंही तसंच. मग त्याच घाटाच्या खाली, जिथे ते सगळं पाणी उतरतं, त्या वलाटीला वेगळी ओळ का नाही? मी भूगोल शिकलेली नाही, पण पाणी वरून खाली येतं एवढं कळतं.

आणि आमचं मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा महसुली गट, तुम्हां लोकांना माहीत नाही असंही नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, मंडळामंडळांत त्यासाठी आपोआप मोजणारी यंत्रं बसवली आहेत, आणि तलाठी भाऊ पंचनाम्याला येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच की तुमच्या मंडळात किती नोंद झाली. शेजारच्या मंडळात ६८ आणि आमच्यात ६१ झाला म्हणून आमचा आडवा झालेला भात भरपाईत बसला नाही, असंही एकदा झालं. म्हणजे नुकसान मोजायची वेळ आली की फूटपट्टी मंडळाची, आणि सावध करायची वेळ आली की आख्खा जिल्हा एका रंगात. हे उलटं आहे. निदान दोन्हीकडे एकच माप लावा.

आता "आज" या शब्दाविषयी. तुमचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, पाऊसही तसाच मोजला जातो. हे मला आशांच्या एका प्रशिक्षणात कळलं, तोवर बारा वर्षं मी "आज" म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत असंच सांगत होते. त्यात तो निरोप तुमच्याकडून निघतो, जिल्ह्याला येतो, तालुक्याला येतो, कुणीतरी त्याचा फोटो काढतं, आणि माझ्याकडे पोचतो तेव्हा त्यावर ना तारीख ना वेळ. एकदा रात्री पावणेबाराला "आज रेड अलर्ट" आला. मी अर्ध्या गावाला उठवलं. खालच्या वाडीतली माणसं शाळेत जाऊन बसली. पहाटे चांदणं पडलं होतं. तो इशारा आदल्या दिवशीचा होता. त्यानंतर महिनाभर माझा निरोप कुणी मनावर घेतला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पंचांगात निदान नक्षत्र कधी लागतं ते घटका-पळांनिशी छापलेलं असतं. वाहन म्हैस असो की बेडूक, तारीख तरी खरी असते!

माझी सूचना साधी आहे. "अमुक तारखेला दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत" असं त्या निरोपाच्या पोटातच लिहा, वर-खाली नको, कारण वरचं-खालचं कापलं जातं. आणि धोका टळला की टळला म्हणून दुसरा निरोप पाठवा. तो आजवर मला एकदाही आलेला नाही.

रंगांविषयी थोडं. २४ तासांत ६४.५ मिमी झाला की जोरदार, ११५.६ च्या पुढे अतिजोरदार, २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार, अशी तुमची मोजणी. सगळ्या देशाला एक माप म्हणून ते असेल बरोबर. पण जिथे वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो तिथे जुलैत सव्वाशे मिमी म्हणजे लावणीचा चांगला दिवस. इरलं घेऊन बायका चिखलात गाणी म्हणत असतात. तोच सव्वाशे मिमी दोन तासांत आला तर साकव जातो. आम्हांला दिवसभराची बेरीज नको, तासाचा जोर हवा. आता तर कुठेही पाणी भरलं की बातम्यांत "ढगफुटीसदृश" लिहून मोकळे होतात. ढगफुटी म्हणजे एका तासात शंभर मिमी, हे ठाऊक असलेला माणूस तो शब्द जपून वापरील.

व्हाळाचं सांगते, कारण काकींचा प्रश्न तोच आहे. घाटावरच्या नद्यांना पूर येतो तो दिवस-दोन दिवस चढत जातो, माणसाला सामान हलवायला वेळ मिळतो. आमच्या नद्या आखूड. घाटातून सुटलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं, आणि व्हाळाला तर तासही लागत नाही. त्यामुळे आमच्या वाडीत पाऊस किती पडतोय यावर पाण्याचा भरवसा ठेवता येत नाही. वर काय पडलं ते महत्त्वाचं. २२ जुलै २०२१ चा दिवस कोकण विसरणार नाही. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी नोंदला गेला. तिथून निघणारी सावित्री पश्चिमेला महाडात उतरते. महाड बुडालं, तळियेत दरड घरांवर आली, तिकडे वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ गिळली. त्याच्या पाच वर्षं आधी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, हीच सावित्री महाडचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसकट घेऊन गेली. महाडातल्या माणसाला महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा दर तासाला मिळायला हवा, साताऱ्याच्या माणसाच्याही आधी. जिल्ह्याची हद्द घाटमाथ्यावर संपते, पाण्याची तिथे सुरू होते.

त्यात भरती. आमच्याकडे म्हातारी माणसं घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगतात, तिथीच्या पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाच्या पाऊणपट, सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या अलीकडेपलीकडे, आणि तेव्हा उधाण. २२ जुलै २०२१ ला सकाळी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, दोनच दिवसांवर पौर्णिमा. तेराच्या पाऊणपट करा, पावणेदहा. म्हणजे वरून पूर लोटत असताना सकाळी खालून उधाणाची भरती चढत होती, पाण्याला जायला वाटच नव्हती. हे गणित बोटांवर होतं. तुमच्या इशाऱ्यात मुंबईच्या भरतीची वेळ येते, किती मीटरच्या लाटा तेही येतं, टीव्हीवर तर पट्टी फिरत असते. फुणगूसच्या खाडीची, गोवळकोटच्या खाडीची वेळ पावसाच्या इशाऱ्याशेजारी कधी लिहिलेली पाहिली नाही. मुसळधार आणि उधाण एका वेळी आले तर त्या दिवसाचा रंग वेगळा असायला नको का? पाऊस तेवढाच, पण ओहोटीला आला तर पाणी निघून जातं आणि भरतीला आला तर ओटीवर येतं.

अचानक येणाऱ्या पुरासाठी तुमच्याकडे वेगळी यंत्रणा आहे हेही त्या प्रशिक्षणात ऐकलं. २०२० पासून ती चालू आहे, पाणलोटापाणलोटाचा हिशेब करते, सहा तास आधी धोका सांगते. ऐकून मला आधी आनंद झाला आणि मग राग आला. पाणलोट म्हणजे आमचा व्हाळच की! तो कागद इंग्रजीत निघतो, त्यात कोकण आणि गोवा मिळून एक ओळ असते, आणि ती ओळ माझ्या ग्रुपवर कधी उतरली नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. कुठला ढग कुठल्या वाडीवर फुटणार हे आदल्या दिवशी ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्याच प्रशिक्षणात एका साहेबांनी समजावलं, की रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते, त्यामुळे दोनशे किलोमीटरवर तो झोत जमिनीपासून चार-एक किलोमीटर उंच असतो. आमचा तालुका मुंबईच्या आणि पणजीच्या, दोन्ही रडारांपासून सरळ रेषेत दोनशेच्या आसपास. म्हणजे आषाढातल्या बुटक्या ढगांच्या डोक्यावरूनच नजर जायची. अशा वेळी आदल्या दिवशी "शक्यता आहे" एवढंच म्हणा, आम्ही समजून घेऊ. पण पुढच्या तीन तासांचा जो अंदाज काढता, नाऊकास्ट म्हणता तो, त्यात तरी तालुक्यांची नावं घ्या. आणि "तुरळक ठिकाणी" म्हणजे फार तर पाव भागात, "बहुतांश ठिकाणी" म्हणजे पाऊणहून जास्त भागात, हा तुमचा हिशेब एकदा लोकांना मराठीत समजावून सांगा. आमच्याकडे तुरळक म्हणजे चार थेंब. तुरळक ठिकाणी मुसळधार म्हटलं की माणसं हसतात. तुम्हांला ठिकाणं थोडी म्हणायचं असतं, त्यांना पाऊस थोडा ऐकू येतो.

विजेचं दुखणं याहून वेगळं. भर पावसाळ्यात आमच्याकडे विजेची तेवढी भीती नसते. ती वळवाच्या पावसात, मे महिन्यात, आणि पुन्हा भातकापणीत. ऑक्टोबरची दुपार आठवा. सकाळपासून अंगाची लाही, वारा पडलेला, तीन-साडेतीनला उगवतीला घाटावर काळं दिसायला लागतं. कापलेला भात शेतात पसरलेला. ढग बघून शेतकरी घराकडे पळत नाही, शेताकडे पळतो, कारण भारे झाकायचे असतात. तुमचा निरोप सांगतो, घराबाहेर पडू नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडावर वीज पडली, खाली उभ्या असलेल्या दोन बैलांतला एक जागीच गेला. माणसं दहा पावलांवर मांगरात, शेतातल्या घरात, शिरली होती म्हणून वाचली. त्या दिवशी यलो होता. यलो तर त्या आठवड्यात रोजच होता.

दामिनी अ‍ॅप चांगलं आहे, मी पंचवीस जणांच्या फोनमध्ये घालून दिलं. वीज कुठे कडाडते आहे आणि आपल्या आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरांत येते आहे का ते दाखवतं. पण सड्यावर गुरांमागे असलेल्या धनगराच्या पोराकडे नेट नसतं, आणि वीज पडायला सड्यासारखी उघडी जागा नाही. त्याच्यासाठी मी दुसरंच शिकवते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोज. तीस व्हायच्या आत आवाज आला तर झाड सोड, काठी टाक, गुरांपासून लांब हो, घर किंवा गाडी जवळ असेल तर त्यात शीर. काहीच नसेल तर पाय जुळवून उकिडवा बस, आडवा पडू नको. आणखी एक. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसतो ही समजूत अजून घराघरांत आहे. तसं काही होत नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्यावी, त्यात माणूस परत येऊ शकतो. हे तुमच्या निरोपात एका ओळीत का नसतं? "सतर्क राहावे" ही ओळ काढलीत तर जागा होईल.

उष्म्याकडे वळते. आशा म्हणून हे माझं खास काम, आणि इथे तुमचा नियमच आम्हांला गैरसोयीचा आहे. किनारपट्टीवर पारा ३७ च्या पुढे आणि सरासरीहून साडेचार अंश वर गेला तर उष्णतेची लाट, एरवी फार तर "उष्ण व दमट". आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ३५ वर असतो, लाट नसते, आणि माणसं आजारी पडतात. घाम येतो पण वाळत नाही, मग अंग थंड होणार कसं? ३५ अंश आणि हवेत ६५ टक्के ओल असली की अंगाला तो उन्हाळा ४५ च्या वरचा वाटतो. रात्रीही उतरत नाही. पत्र्याच्या घरातली बाळंतीण रात्री दोन वाजता अंगणात बाळाला वारा घालत बसलेली मी पाहिली आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली. खारघर रायगड जिल्ह्यातलं, आमच्याच कोकणपट्टीतलं. विदर्भाचा आकडा समोर ठेवून किनाऱ्याचा उन्हाळा मोजू नये, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

कधी कधी पारा खरोखर चढतो, आणि तो वेळ चुकवून चढतो. २०२५ साली फेब्रुवारी संपायच्या आतच कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता. जमिनीकडून येणारा मतलई वारा दुपारपर्यंत रेटत राहिला आणि समुद्रावरचा खारा वारा उशिरा लागला की असं होतं. त्या वेळी झाडावर कैरी असते. बागायतदार कैरी भाजते म्हणून हळहळतात, ते खरंच. पण बागेत राखणीला असलेले नेपाळी गुरखे दिवसभर त्याच उन्हात फवारणी करतात, आणि ते गावाच्या कुठल्याही ग्रुपवर नसतात. त्यांना देवनागरी वाचता येते, मराठीही बरीच कळते. बागेच्या गेटवर एक कागद लावला तरी काम होईल: बारा ते चार काम बंद, पाणी, जलसंजीवनीची पुडी, चक्कर आली तर सावली आणि ओला फडका, मग उपकेंद्र. चिरेखाणीवरही तेच. तिथे सावली नावाची गोष्टच नाही, तापलेला जांभा खालून भाजतो. यंदा मी पुड्या घेऊन गेले तर मुकादम म्हणाला, लाट आहे का, मेसेज दाखवा. मेसेज नव्हता.

म्हणून एक दिवस एका निरोपात सांगावा. मे किंवा ऑक्टोबरमध्ये दुपारचा उष्मा आणि संध्याकाळची वीज ही दोन वेगळी संकटं नसतात. दुपारी जी हवा तापून ओली झाली तीच चार वाजता ढग होऊन वर चढते. तुमच्याकडे मात्र उष्म्याचा कागद वेगळा, विजेचा वेगळा, पावसाचा वेगळा, प्रत्येकाचा रंग वेगळा. माझ्याकडे एका दिवशी तीन फोटो येतात, दोन पिवळे, एक केशरी. काकींना मी काय सांगू? "दुपारी बारा ते चार सड्यावर जाऊ नको, चारनंतर ऐनाखाली उभी राहू नको, रात्री व्हाळ ओलांडू नको." असं लिहून आलं तर मी शब्द न बदलता पुढे ढकलीन.

बंदरावर धोक्याचा बावटा लावायची पद्धत मला आवडते. तीन नंबरचा बावटा लागला की जयगडचा खलाशी "सतर्क म्हणजे काय" असं विचारत नाही, होडी ओढून घेतो. एक खूण, एक अर्थ, एक काम, आणि ती खूण त्याच बंदरापुरती. डोंगराकडे असा बावटा नाही. पण मोबाइलचे टॉवर आहेत. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, सरकारी चाचणी होती. घाबरून एका आजीने फोन पाण्याच्या कळशीत टाकला, ते असो. तसा निरोप नेमक्या टॉवरांपुरता पाठवता येतो ना? मग आमच्या शास्त्री नदीच्या खोऱ्यातल्या टॉवरांवरून शास्त्रीच्या खोऱ्यालाच पाठवा. राजापूरला झोपू द्या.

आमच्याकडून आम्ही एक केलं आहे. साकवाच्या खांबावर वाडीतल्या पोरांनी तीन पट्टे रंगवलेत. पहिल्या पट्ट्याला पाणी लागलं की शाळेची मुलं घरी, दुसऱ्याला लागलं की साकव बंद, तिसऱ्याला लागलं की खालची वाडी देवळात. गेल्या वर्षी दुसऱ्या पट्ट्याला चार वेळा लागलं, त्यातल्या एका दिवशी तुमचा रंग हिरवा होता. तारीख, वेळ आणि पाणी किती चढलं ते सगळं माझ्या वहीत आहे. यंदाही रोज संध्याकाळी खांबाचा फोटो काढणार आहोत. कुठल्या नंबरवर पाठवायचा ते कळवा.

आपली,
एक आशा सेविका,
संगमेश्वर तालुका, जिल्हा रत्नागिरी